पडवी, रस्तारेषा आणि भोपळे: मिरजेच्या सतारमेकर गल्लीतलं एक प्रकरण

घराची मोजणी करायला गेलो होतो. टेपचं टोक धरायला कुणी नव्हतं म्हणून पडवीत बसलेल्या पोराला हाक मारली. तो हलेना. पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून तो तंबोऱ्याची दांडी आणि भोपळा यांचा सांधा आवळत होता. सरस ओला होता, दोरी सुटली असती तर सकाळपासूनची मेहनत वाया. शेवटी टेप खिळ्याला अडकवून मी एकट्यानंच मापं घेतली. रुंदी 18 फूट, खोली 70 फूट.

ही 2022 ची गोष्ट. मालकांची ओळख पटू नये म्हणून मापं आणि काही तपशील थोडे बदलले आहेत, बाकी जे घडलं ते असं.

घर मिरजेतल्या तंतुवाद्यांच्या वस्तीतलं, सतारमेकर गल्लीला लागून असलेल्या बोळातलं. पुढे आठ फूट पडवी, तिथं तीन माणसं बसून काम करतात. मधे माजघर, त्यात भिंतीला टेकवून ठेवलेल्या तूण लाकडाच्या फळ्या. मागे उघडं अंगण. वर राहायच्या दोन खोल्या आणि पडवीच्या डोक्यावर कौलारू माळा. माळ्यावर वाशांना टांगलेले भोपळे. तिघे भाऊ वारस. थोरला तंबोरे करतो, मधला पुण्यात नोकरीला, धाकट्याचं स्टेशनकडे औषधांचं दुकान. आई वरच्या खोलीत. भिंती विटा आणि मातीच्या, एक तुळई कुजलेली, आणि मधल्याला आपला हिस्सा रोख हवा होता.

शेजारच्या दोन घरांना आणि या घराला मिळून एका बिल्डरनं प्रस्ताव दिला होता. तीन प्लॉट एकत्र करायचे, तळाला पार्किंग, पहिल्या मजल्यावर तपासणी केंद्र, वर फ्लॅट. मिरज हे दवाखान्यांचं गाव. 1894 ला वॉनलेस मिशन हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासून इथं कर्नाटकापासून कोकणापर्यंतचे पेशंट येतात, आणि जुन्या गावातल्या जागेला सगळ्यात जास्त पैसे कोण देऊ शकतं, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. बिल्डरचा देकार प्रामाणिक होता. मला बोलावलं होतं ते थोरल्यानं, 'दुसरं काही होतंय का बघा' म्हणून.

आता या वस्तीबद्दल दोन शब्द, कारण पुढचा सगळा गुंता त्यावर उभा आहे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब वाद्यांच्या दुरुस्तीकडून वाद्यं बनवण्याकडे वळले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता. त्याच आश्रयानं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत गात आणि शिकवत होते, त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले. पुढे अब्दुल करीम खाँ इथंच स्थायिक झाले. 1937 ला ते गेले, त्यांची कबर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात तिथं आजही गाणं होतं. गवई गावात असल्यामुळे कारागिराला कान मिळाला. तंबोरा नुसता दिसायला देखणा असून भागत नाही. जवारी, म्हणजे घोडी घासून तारेला आणलेली गुंज, उघडली नाही तर गवई तो हातात घेत नाही.

गल्लीत काम वाटून चालतं. भोपळे येतात भीमेकाठच्या पंढरपूर-मंगळवेढा भागातून. एक जण दांडी आणि तबली (भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी) करतो, दुसरा खुंट्या आणि घोडी (जिच्यावर तारा टेकतात ती पट्टी), तिसरा नक्षी, चौथा चपडा लाखेचं पॉलिश. मी एक दिवस नुसता पडवीत बसून मोजलं. एकच तंबोरा सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात चार वेळा घराबाहेर गेला आणि चार वेळा परत आला. एकदा समोर, दोनदा शेजारी, एकदा बोळाच्या टोकाला. कुठलीच फेरी साठ पावलांहून लांब नव्हती. कुणी पावती केली नाही, कुणी फोन केला नाही. कारखान्यात ज्याला असेंब्ली लाइन म्हणतात ती इथं रस्त्यावर पसरलेली आहे, आणि तिचा पट्टा म्हणजे ही साठ पावलं.

नियमांच्या दृष्टीनं मात्र ही वस्ती 'दाट वस्ती' आहे, बाकी काही नाही. 2 डिसेंबर 2020 ला राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली, तिला आम्ही यूडीसीपीआर म्हणतो. तिच्यात दाट वस्तीला वेगळे नियम आहेत, सवलतीही आहेत. निवासी भागात लहान सेवा उद्योगाला मर्यादेत परवानगी मिळते. म्हणजे तंबोरे बनवायला कुणी मना करत नाही. घोळ वेगळ्याच ठिकाणी होतो.

पहिला घोळ रस्तारेषेचा. महापालिका कायद्यात रस्त्याची नियमित रेषा आखायची तरतूद आहे. जुनं घर उभं आहे तोवर ती रेषा कागदावर असते. पाडून नवं बांधायला गेलात की रेषेच्या मागे सरकावं लागतं. सोडलेल्या जागेचा मोबदला चटई क्षेत्राच्या, म्हणजे सगळे मजले मिळून बांधता येणाऱ्या क्षेत्राच्या रूपात मिळतो, म्हणजे पुढून गेलेलं वर मिळतं. या घरात पुढचे साडेसहा फूट जात होते. पडवी आठ फुटांची. राहिली दीड फूट.

दुसरा घोळ पार्किंगचा. 18 फुटी प्लॉटवर चारचाकीची सोय कशीबशी निभावून नेता येते. तीन प्लॉट एकत्र केले, वर तपासणी केंद्र आलं, की गाड्यांची संख्या वाढते आणि गाड्या तळालाच उभ्या राहणार. तळमजला गेला.

तिसरा घोळ चटई निर्देशांकाचा, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं त्या आकड्याचा. रस्ता रुंद तेवढा निर्देशांक जास्त, प्लॉट मोठा तेवढी मांडणी सोपी. त्यामुळे लहान प्लॉट एकत्र करणाऱ्याचा फायदा आपोआप वाढतो. यात कुणाचा वाईट हेतू नाही. पण तिन्ही नियम जागा काढतात ती पुढून आणि खालून, आणि भरपाई देतात मागे आणि वर. नेमका धंदा पुढे आणि खाली बसलेला असतो. माझ्या टेबलावर हे चित्र स्पष्ट व्हायला दोन आठवडे गेले. लाज वाटावी अशी गोष्ट आहे, कारण मी वीस वर्षं हेच नियम वापरतोय.

पहिला नकाशा मी काढला तो आजही फाइलमध्ये ठेवलाय, स्वतःला वाचायला. नवी चौकट, दर्शनी भागाला जुन्यासारखे लाकडी खांब, कोरीव कठडा, वर मंगलोरी कौलांची पट्टी. कारखाना पहिल्या मजल्यावर, हवेशीर. भोपळ्यांना गच्चीवर पत्र्याची शेड. थोरल्यानं कागद उलटा-सुलटा करून बघितला. मग म्हणाला,

"इंजिनिअरसाहेब, भोपळा काय पापड हाय काय, गच्चीवर वाळवायला?"

मग त्यानं मला माळ्यावर नेलं. भोपळा भिजवून, तोंड कापून, आतून काटक्यांचा टेका देऊन आकारात वाळवावा लागतो. नंतर तो सावलीत, वारं लागेल असा टांगून ठेवायचा. एप्रिलमधल्या पत्र्याखाली तो तडकतो, पावसाळ्यात स्लॅबखाली त्याला बुरशी धरते. कौलांच्या फटीतून येणारं वारं हेच त्याचं कोठार. मी ज्याला 'जीर्ण छप्पर' लिहिलं होतं ते यंत्र होतं. पहिल्या मजल्यावरच्या कारखान्याची तीच गत. पाच फुटी तंबोरा पेटीत घालून दोन वळणांच्या जिन्यावरून उतरवताना भोपळा कुठं आपटेल ते त्यानं जिना न बघताच सांगितलं. आणि गवई, विद्यार्थी, दुरुस्तीवाले येतात ते पडवीच्या कठड्यावर बसतात, चहा घेतात, वाद्य छेडून बघतात. पहिल्या मजल्यावर कोण चढतंय?

माझा कोरीव कठडा सगळ्यांना आवडला होता, आईंना तर फारच. त्याच्यामागे तंबोरा मात्र बनला नसता.

इथं थोडं बाहेर बघू. मुंबईचं गिरणगाव सगळ्यांना माहीत आहे. 58 गिरण्या, सुमारे 600 एकर जमीन. 1982 च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या. 1991 च्या नियमावलीतल्या नियम 58 नं ती जमीन एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटायचं ठरवलं. 2001 च्या दुरुस्तीनं हे गणित फक्त रिकाम्या जमिनीला लावलं, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती उचलून धरली. शहराच्या वाट्याला थोडी जमीन आली. लोअर परळच्या एका मॉलच्या आवारात चिमणी मात्र जपून ठेवलीय. वारसा म्हणून बघायला छान आहे.

उलटं उदाहरण इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचं. शहराच्या मध्यावर सोनारकामाची जुनी वस्ती आहे, ज्वेलरी क्वार्टर. राहत्या घरांचेच कारखाने झालेले, एक जण साचा ओततो, दुसरा खडे बसवतो, तिसरा झिलई देतो. म्हणजे आपलीच गल्ली, लाकडाऐवजी सोनं. तिथल्या महापालिकेनं आधी चूक केली. जुनी घरं पाडून 1971 मध्ये कारागिरांसाठी बहुमजली गाळ्यांची इमारत उभी केली. भाडी जुन्या जागांच्या कित्येक पट, म्हणून ज्यांच्यासाठी बांधली त्यातल्या बऱ्याच जणांना ती परवडली नाही. आपल्याकडे बैठकीत कुणीतरी 'सगळ्यांना एमआयडीसीत गाळे देऊन टाका' असं म्हणतं तेव्हा मला ही इमारत आठवते. गाळा मिळेल, साठ पावलं कुठून आणणार?

त्यांचं पुढचं धोरण जास्त शहाणं. 2002 च्या व्यवस्थापन आराखड्यात त्यांनी वस्तीचे भाग पाडले आणि जिथं कामं दाट आहेत त्या भागात कारखान्याच्या जागेचं घर करायला परवानगी द्यायची नाही असं ठरवलं. कारण साधं होतं. फ्लॅटला जास्त भाव येतो, त्यामुळे प्रत्येक मालक फ्लॅटकडे झुकतो आणि फ्लॅटमध्ये राहायला आलेला माणूस दुसऱ्या वर्षी ठोकाठोकीची तक्रार करतो. भिंतीपेक्षा वापर आधी वाचवला पाहिजे हे त्यांना कळलं. शिवाय तिथं संग्रहालयही आहे, स्मिथ अँड पेपर नावाचा 1981 ला बंद पडलेला कारखाना 1992 पासून आहे तसा दाखवतात. पण संग्रहालय हा एक कारखाना आहे, बाकीची वस्ती अजून दागिने घडवते. आपल्याकडे बहुधा आधी संग्रहालयाचा ठराव होतो.

आपल्या कायद्यात हत्यारं नाहीत असं नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 22 मध्ये विकास योजनेत वारसा इमारती आणि वारसा परिसर जतन करायची तरतूद आहे. मुंबईनं 1995 मध्ये वारसा नियम आणून श्रेणी एक, दोन, तीन अशी वर्गवारी केली, तीच पद्धत यूडीसीपीआरमध्येही आलीय. समितीही असते. पण यादीत यायला दर्शनी भाग लागतो. या बोळातल्या एकाही घराला श्रेणी मिळणार नाही, इतकी ती साधी आहेत. आणि मिळाली तरी समिती विचारेल खिडकीच्या चौकटीबद्दल. पडवीत तंबोरा बनतो की मोबाइलची कव्हरं विकली जातात, हा प्रश्न तिच्या अर्जात नाही.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीत पेढे वाटले गेले. ते मिळालं हे फार चांगलं झालं, नावाची नक्कल थांबवायला आधार मिळाला. गंमत अशी की या मानांकनाच्या नावातच भूगोल आहे आणि ज्या नकाशावर शहराचा भूगोल ठरतो त्या विकास योजनेत या गल्लीवर निवासी वापराचा रंग आहे. एका कायद्यानं नाव राखलं, दुसऱ्याला ते नाव माहीतच नाही.

आता घराचं काय झालं ते सांगतो.

तोडगा निघाला तो छाननीच्या टेबलावर. नवं बांधकाम केलं तर रस्तारेषा लागू, पण पुढचा भाग पाडलाच नाही तर? म्हणून घर मधून कापलं. पुढचे 30 फूट, म्हणजे पडवी, माजघर आणि माळा, फक्त दुरुस्तीला. कुजलेली तुळई बदलली, दोन खांबांना खालून दगडी बैठक दिली, फुटकी कौलं बदलली. दुरुस्तीची परवानगी घेताना फार जपावं लागतं, खांब बदलला तर दुरुस्ती, भिंत पाडून उभी केली की नवं बांधकाम. मजुराला हे समजावणं वेगळंच काम होतं. चांगल्या भावनेनं त्यानं एक भिंत 'जरा सरळ' करायला घेतली होती, वेळेवर पोचलो म्हणून वाचलो.

मागचे 40 फूट आरसीसी. अंगण निम्मं झालं पण राहिलं. वर तीन लहान फ्लॅट: एक आई आणि थोरल्याला, एक धाकट्याला, एक विकून मधल्याचा हिस्सा. मधला खूश नव्हता. बिल्डरच्या देकारात त्याला यापेक्षा बरंच जास्त मिळालं असतं आणि ते तो मला आजही ऐकवतो. त्याचं चूक आहे असं मी म्हणू शकत नाही. कला जपायचा खर्च तिघांत सारखा वाटला गेला आणि कला एकाकडेच राहिली.

शेजारची दोन घरं मात्र गेली. ती एकत्र झाली, तळाला गाड्या उभ्या राहतात. त्यातल्या एका घरात भाड्यानं पॉलिश करणारा कारागीर होता. स्पिरिट आणि लाखेचा वास दवाखान्याशेजारी कोण चालवून घेणार? तो रेल्वे लाइनच्या पलीकडे खोली घेऊन गेला. सांधा आवळत बसलेला तो पोरगा आता दिवसातून दोनदा स्कूटरवर तंबोरा आडवा धरून तिकडे जातो. मागे बसलेल्यानं वाद्य धरायचं, म्हणजे दोन माणसांचा खाडा. पावसात तर जाताच येत नाही. एक घर वाचवून गल्ली वाचत नाही, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

म्हणून विकास योजनेच्या सुधारणेसाठी एक सूचना लिहून ठेवलीय. संपूर्ण गाव गोठवायचं नाही, तंतुवाद्यांचा एवढा पट्टा नकाशावर वेगळा दाखवायचा. त्या पट्ट्यात रस्तारेषा रद्द करायची, कारण त्या बोळात मोटार नेऊन कुणाचं भलं होणार नाही. गाड्यांसाठी बाहेर एक सामाईक जागा. तळमजल्याचे पुढचे 15 फूट कारागिरीलाच, दुकानाला नाही, पार्किंगला नाही. प्लॉट जोडण्यावर मर्यादा. आणि मालकाला वापरता न आलेलं चटई क्षेत्र हस्तांतरणीय विकास हक्क म्हणून बाहेर विकता यावं, पण सगळं एकदम न देता टप्प्यानं, काम चालू आहे तोवर. मधल्या भावाचं उत्तर या शेवटच्या कलमात आहे.

कारागीर कोण हे ठरवायचं कसं, असं विचारलं जातं. मानांकनाच्या नोंदवहीत अधिकृत वापरकर्त्यांची नोंद होते. तीच यादी धरा, नवी समिती नको. आणि सलग पाच वर्षं त्या घरात एकही नोंदलेला कारागीर नसेल तर अट उठवा. ही सूट मी मुद्दाम घातलीय. मोबाइलमध्ये तंबोऱ्याचं ॲप आल्यापासून विद्यार्थी तंबोरा विकत घ्यायचं लांबवतो, थोरल्याचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. मागणी नियमानं वाढत नाही. ज्यांना काम करायचंय त्यांच्या पायाखालची जागा तेवढी आपण नियमानंच काढून घेऊ नये, इतकंच माझं म्हणणं आहे. आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांना यातलं पार्किंगचं कलम भाबडं वाटतं. असेल.

मंजूर नकाशात पडवीवर 'दुकान' असं लिहिलंय. थोरल्यानं विचारलं, आम्ही काय किराणा विकतो का? माळ्यावर 'साठवण' आहे. मी आधी तिथं 'भोपळे' लिहिलं होतं, पण संगणकाच्या छाननीला असा वापर ठाऊक नाही, फाइल परत आली. गेल्या महिन्यात कौलं बघायला वर गेलो होतो तेव्हा मोजले, त्या साठवणीत 63 टांगलेले आहेत.